पाणी जिथून बाहेर पडत नाही: ऑरेगनच्या हार्नी काउंटीची गोष्ट

गोव्यासारखी सात राज्यं शेजारी शेजारी मांडली तर जितकी जमीन होईल, जवळजवळ तितकी जमीन अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याच्या आग्नेय भागात एकाच काउंटीत आहे. तिचं नाव हार्नी. क्षेत्रफळ साधारण २६,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या दीडपट. अहिल्यानगर हा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा, आणि २०११ च्या जनगणनेत तिथे पंचेचाळीस लाखांवर लोक होते. हार्नीत २०२० साली मोजलेली माणसं ७,४९५. शून्यं गळालेली नाहीत, आकडा एवढाच आहे. एखाद्या बऱ्यापैकी देवस्थानाच्या जत्रेला याहून जास्त माणूस जमतो.

बरं, ही साडेसात हजार माणसंही पसरून राहत नाहीत. बर्न्स आणि हाइन्स ही एकमेकांना चिकटलेली दोन छोटी शहरं आहेत, त्यांतच ४,३०० च्या वर लोक राहतात. नगरपालिका असलेली गावं काउंटीत ही दोनच. उरलेल्यांचा हिशेब केला तर माणशी आठ-साडेआठ चौरस किलोमीटर जमीन येते.

काउंटी म्हणजे ढोबळ मानाने आपला जिल्हा. फरक असा की आपल्याकडे जिल्हाधिकारी सरकार नेमतं, तिकडे शेरीफपासून दप्तर सांभाळणाऱ्या क्लार्कपर्यंत बहुतेक जण निवडून येतात. हार्नीत कारभार पाहणाऱ्या मंडळाला अजूनही ‘काउंटी कोर्ट’ म्हणतात आणि त्याच्या प्रमुखाला ‘जज्ज’. त्याचा बराचसा वेळ रस्ते, अंदाजपत्रक आणि पाण्याच्या बैठका यांतच जातो.

एवढी जागा रिकामी का, असं विचारलं की ‘वाळवंट आहे म्हणून’ हे उत्तर तयार असतं. ते अर्धंच खरं आहे. या काउंटीत ओल असलेला एक पट्टा आहे, आणि गेल्या दीडशे वर्षांत तिथे जी जी भांडणं झाली, त्यांतली बहुतेक त्या पट्ट्यावरून झाली. तो पट्टा समजला की इतिहास आपोआप उलगडतो. म्हणून आधी भूगोल.

आरशातला सह्याद्री

मराठी माणसाला इथला दगड ओळखीचा वाटेल. दख्खनचा काळा कातळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून झाला. हार्नीतला बसॉल्टही तसाच थरांचा, पण वयाने बराच धाकटा, सुमारे १ कोटी ६६ लाख वर्षांचा. हा लाव्हा थंड झाल्यावर पुढे या भागातलं भूकवच ताणलं गेलं. ताणलेली पोळी जशी मध्येच फाटते, तसे त्याला लांबच लांब तडे गेले. काही तुकडे खचले, काही एका कडेने वर उचलले गेले. असा उचललेला सर्वांत मोठा तुकडा म्हणजे स्टीन्स पर्वत: लांबी सुमारे ८० किलोमीटर, माथा समुद्रसपाटीपासून २,९६७ मीटर.

पश्चिमेकडून या पर्वतावर चढताना आपण पर्वत चढतोय हे कळतही नाही. चढ इतका सौम्य की गाडी नुसती जात राहते. मग अचानक जमीन संपते. समोर कडा, आणि खाली जवळजवळ पावणेदोन किलोमीटर खोलवर पांढरंफटक सपाट मैदान. सह्याद्रीत देशावरून घाटमाथ्यावर येऊन कोकणात डोकावलं की असंच होतं, फक्त दिशा उलटी. आपला कडा पश्चिमेला तुटतो, स्टीन्सचा पूर्वेला. दोघांची घडण वेगवेगळी आहे, त्यामुळे ही तुलना डोळ्यांना दिसण्यापुरतीच घ्यावी.

पर्जन्यछायेचा प्रकारही आपल्याला शिकवावा लागत नाही. महाबळेश्वरला पाऊस कोसळत असताना माण-खटावात ढग नुसते वरून जातात. ऑरेगनात सह्याद्रीचं हे काम कॅस्केड पर्वतरांग करते. पॅसिफिकवरून येणारी बाष्पाची वाफ ती पश्चिमेकडेच पिळून घेते. बर्न्सला वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून पंचवीस-तीस सेंटीमीटर पाणी मिळतं. त्या उरल्यासुरल्या ढगांना स्टीन्स पुन्हा एकदा अडवतो, म्हणून त्याच्या पूर्वेला पायथ्याशी असलेलं अल्वर्डचं मैदान सावलीतल्या सावलीत पडतं. तिथे त्याहूनही कमी पाऊस.

अल्वर्ड हे एका जुन्या, आटून गेलेल्या तळ्याचं तळ आहे. उन्हाळ्यात ते फरशीसारखं सपाट आणि टणक होतं. इतकं, की १९७६ साली किटी ओनील या स्टंटबाईने तिथे तीन चाकांची रॉकेटगाडी पळवून ताशी सुमारे ८२५ किलोमीटरचा वेग गाठला. जमिनीवरच्या वेगाचा तो महिलांचा विक्रम चाळीसहून अधिक वर्षं टिकला. ओनील लहानपणापासून ठार बहिऱ्या होत्या. त्याही आधी, १८९० च्या दशकात, या मैदानाच्या दक्षिण टोकाकडच्या खारट मातीतून चिनी मजूर बोरॅक्स काढत, आणि खेचरांच्या गाड्या तो माल शेजारच्या नेवाडा राज्यातल्या विनेमका स्टेशनापर्यंत दोनशे किलोमीटर ओढत नेत.

समुद्र हरवलेली नदी

आता मुख्य गोष्ट. हार्नी खोऱ्यात दोन मोठ्या नद्या येतात. उत्तरेच्या जंगलातल्या डोंगरांवरून सिल्व्हीज, आणि दक्षिणेला स्टीन्सच्या बर्फातून डॉनर उंड ब्लिट्झन. १८६४ साली सैन्याची एक तुकडी ही दुसरी नदी ओलांडत असताना गडगडाट आणि विजा सुरू झाल्या, म्हणून तिला हे जर्मन नाव पडलं: मेघगर्जना आणि वीज. स्थानिक लोक नुसतं ‘ब्लिट्झन’ म्हणतात.

या दोन्ही नद्या खोऱ्याच्या मध्यभागी येतात आणि तिथेच थांबतात. पुढे समुद्र नाही. पूर्वी वाट होती. खोऱ्यातलं पाणी पूर्वेच्या खिंडीतून मॅल्ह्यूर नदीत, तिथून स्नेक, मग कोलंबिया आणि शेवटी पॅसिफिक असं जात असे. मग त्या खिंडीत लाव्हा वाहत आला आणि गोठला. बाटलीला बूच बसलं. हिमयुगाच्या काळात बुचामागे प्रचंड तलाव साचला होता. हवामान कोरडं होत गेलं तसा तो आक्रसला, आणि त्याचे अवशेष आज उरलेत: मॅल्ह्यूर तलाव, त्याला लागून चिखलाचं एक छोटं तळं, आणि सर्वांत खालच्या पातळीवर हार्नी तलाव.

ज्या तलावाला बाहेर जायची वाट नसते, तिथलं पाणी फक्त वाफेच्या रूपाने जातं आणि क्षार मागे ठेवतं. लोणारचं पाणी खारं का, याचंही उत्तर हेच. हार्नीतली गंमत अशी की वरच्या मॅल्ह्यूर तलावाचं पाणी बऱ्यापैकी गोडं राहतं, कारण तो भरून वाहिला की आपले क्षार खालच्या हार्नी तलावात ढकलतो. वरच्याचा कचरा खालच्याच्या दारात, असा हा शेजार आहे.

दुसरी गोष्ट उथळपणाची. मॅल्ह्यूर तलाव म्हणजे ताटात ओतलेलं पाणी. वाटीभर जास्त ओतलं तर लगेच काठाबाहेर जातं, वाटीभर कमी झालं तर ताटाचा तळ दिसतो. १९३४ च्या दुष्काळात तो पूर्ण कोरडा पडला होता. उलट १९८० च्या दशकाच्या मध्यात लागोपाठ काही वर्षं बर्फ भरपूर पडला, तेव्हा तिन्ही तळी एक होऊन सुमारे सातशे चौरस किलोमीटरचा समुद्र तयार झाला. गुरांचे वाडे बुडाले, रस्ते बुडाले, बर्न्सला येणारा एकमेव रेल्वेमार्गही पाण्याखाली गेला आणि त्यानंतर कायमचाच बंद झाला. ज्या जमिनीवर यंदा कुरण आहे तिथे दहा वर्षांनी तळं असेल आणि वीस वर्षांनी धूळ. अशा ठिकाणी ‘माझी हद्द कुठपर्यंत’ हा प्रश्न किती अवघड होत असेल, याची कल्पना करा.

मॅल्ह्यूर हा शब्द फ्रेंच आहे, अर्थ दुर्दैव. १८२० च्या दशकात फर विकणाऱ्या हडसन्स बे कंपनीच्या फ्रेंच-कॅनडियन माणसांनी नदीकाठी लपवलेला माल चोरीला गेला, म्हणून त्यांनी नदीला हे नाव दिलं. इथल्या प्रत्येकाला पुढे हे नाव आपापल्या कारणाने पटलं असावं.

एकच वर्ष, दोन दस्तऐवज

माणूस इथे फार जुना आहे. बर्न्सच्या पश्चिमेला रायलीजवळ रिमरॉक ड्रॉ नावाची एक शैलाश्रयाची जागा आहे. तिथे नामशेष झालेल्या उंटाच्या दातांचे तुकडे दगडी हत्यारांबरोबर सापडले. त्या दातांचं वय सुमारे १८,२५० वर्षं असल्याचं २०२३ साली जाहीर झालं. (अमेरिकेत उंट? हो. उंटांचं मूळ घरच ते. तिथून ते आशियात आले आणि तिकडे संपले.)

युरोपीय लोक आले तेव्हा खोऱ्यात उत्तर पायूट लोकांचा वाडातिका हा गट राहत होता. तळ्याकाठच्या खारट जमिनीत ‘वाडा’ नावाचं झुडूप उगवतं, त्याच्या बारीक काळ्या बिया हे त्यांचं एक मुख्य अन्न. वाडातिका म्हणजे वाडा खाणारे. बी कधी पिकतं, मासे कधी चढतात, कंदमुळं कुठल्या टेकडीवर कधी काढायची, या वेळापत्रकानुसार ते वर्षभर फिरत. शेतं नव्हती, कुंपणं नव्हती, म्हणून बाहेरच्यांना ती जमीन रिकामी दिसली. ‘रिकामी’ हा शब्द या काउंटीच्या इतिहासात फार महाग पडलेला आहे.

१८७२ साली दोन गोष्टी घडल्या. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या आदेशाने पायूट लोकांसाठी मॅल्ह्यूर राखीव प्रदेश आखला गेला, सतरा लाख एकरांहून मोठा. आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियातून पीटर फ्रेंच नावाचा तेविशीतला तरुण १,२०० गुरं आणि अर्धा डझन मेक्सिकन गुराखी घेऊन ब्लिट्झनच्या खोऱ्यात उतरला. त्याच्यामागे भांडवल होतं सॅक्रामेंटो खोऱ्यातल्या ह्यू ग्लेन या गव्हाच्या बड्या जमीनदाराचं.

राखीव प्रदेश दहा वर्षंही टिकला नाही. सुरुवातीचा सरकारी एजंट सॅम्युअल पॅरिश पायूटांना शेती शिकवत होता आणि पीक त्यांचंच मानत होता. १८७६ मध्ये त्याच्या जागी विल्यम राइनहार्ट आला आणि जमीन सरकारची आहे असं बजावू लागला. दुभाषी म्हणून तिथे काम करणाऱ्या सारा विनेमका या पायूट बाईंनी हे सगळं पुढे १८८३ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहून जगासमोर मांडलं. कडेकडेने गुरं घुसत होती, धान्य कमी पडत होतं. १८७८ मध्ये आयडाहोतल्या बॅनक लोकांनी उठाव केला आणि पायूटांपैकी बरेच जण त्यात ओढले गेले. त्यांचा नेता ईगन याची लढायची फारशी इच्छा नव्हती. त्याच उन्हाळ्यात तो मारला गेला. जानेवारी १८७९ मध्ये पाचशेहून अधिक पायूटांना, त्यांत न लढलेलेही होते, भर बर्फातून साडेपाचशे किलोमीटर उत्तरेला वॉशिंग्टनमधल्या याकमा राखीव प्रदेशाकडे चालवत नेलं. बायका, पोरं, म्हातारी माणसं. काही पुरुषांच्या पायांत बेड्या. त्यांच्या मागे मॅल्ह्यूरचा राखीव प्रदेश मोडून सरकारने ती जमीन इतरांसाठी खुली केली.

ते परत आले. एकेक कुटुंब, चोरून, पायी. १८९७ च्या सुमारास बर्न्सजवळ त्यांना प्रत्येकी १६० एकरांचे तुकडे मिळाले, पण जमीन चोपण, पाणी नाही. १९२० च्या दशकात त्यांना वस्तीसाठी जी दहा एकर जागा मिळाली, तो शहराचा जुना उकिरडा होता. ‘बर्न्स पायूट ट्राइब’ म्हणून केंद्र सरकारची मान्यता यायला १९६८ साल उजाडलं. आज त्यांचा राखीव प्रदेश बर्न्सच्या उत्तरेला आहे, काही शे एकरांचा. सतरा लाखांवरून काही शे.

होडी चालते की नाही?

फ्रेंचचा पसारा मात्र वाढतच गेला. ऐन भरात त्याच्या कंपनीकडे लाखाहून कितीतरी जास्त एकर आणि चाळीस हजारांवर गुरं होती. एवढी जमीन एका माणसाकडे आली कशी? नव्या वसाहतवाल्यांना फुकट जमीन देणाऱ्या होमस्टेड कायद्याने तर माणशी १६० एकरच मिळायची.

उत्तर एका भल्या हेतूच्या कायद्यात आहे. पाणथळ जमिनी सुधाराव्यात म्हणून केंद्राने त्या राज्यांना दिल्या आणि राज्याने त्या एकरी एक-सव्वा डॉलरने विकल्या. अट एवढीच की जमीन दलदलीची असावी. आता कोरड्या मुलखात दलदलीची जमीन म्हणजे काय? तर सगळ्यांत ओली, सगळ्यांत गवताळ, म्हणजेच सगळ्यांत मोलाची. त्या मुलखात तेव्हा एक किस्सा सांगत: गुरांचे बडे मालक बैलगाडीवर होडी ठेवत, होडीत बसून माळरानावरून फिरत, आणि मग शपथेवर सांगत की ‘या जमिनीवरून मी होडीतून गेलो आहे’. किस्सा बऱ्याच ठिकाणी बऱ्याच लोकांच्या नावावर सांगतात. कुणीही सांगितला तरी त्या काळच्या जमीन खात्याबद्दल लोकांचं मत काय होतं ते कळतं.

फ्रेंच माणूस मात्र नुसता लबाड नव्हता. त्याने पाट काढले, दलदलीचा निचरा केला, कुरणं वाढवली. हिवाळ्यात घोडे शिकवता यावेत म्हणून त्याने बांधलेला गोल गोठा अजून उभा आहे. व्यास तीस मीटर, आत जुनिपरच्या लाकडाचे खांब, आणि मधोमध दगडी भिंतीचं वर्तुळ. त्याच्याबरोबर आलेल्या मेक्सिकन गुराख्यांना स्पॅनिशमध्ये ‘व्हाकेरो’ म्हणत. इंग्रजी तोंडात त्याचं ‘बकारू’ झालं. या भागातला गुराखी आजही स्वतःला काउबॉय म्हणवून घेत नाही, तो बकारू असतो.

१८८० च्या दशकात छोटे शेतकरी येऊ लागले. तळं आटलं की जो काठ उघडा पडे तिथे ते झोपडी टाकत. फ्रेंच म्हणे, काठ माझा म्हणून पुढची जमीनही माझी. खटल्यांमागून खटले झाले. १८९७ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी एड ऑलिव्हर नावाच्या शेतकऱ्याशी वहिवाटीच्या रस्त्यावरून बाचाबाची झाली, फ्रेंचने चाबूक उगारला आणि ऑलिव्हरने त्याला गोळी घातली. फ्रेंचकडे शस्त्र नव्हतं. बर्न्समधल्या ज्युरीने ऑलिव्हरला निर्दोष सोडलं. ज्युरीत कोण बसलं असेल हे सांगायला नको. तिकडेही लोक बांधावरूनच मरतात.

काउंटी तोवर जन्मली होती, २५ फेब्रुवारी १८८९ ला, उत्तरेच्या ग्रँट काउंटीतून तुकडा काढून. नाव दिलं जनरल विल्यम हार्नी याचं, ज्याचा या जागेशी फारसा संबंध नव्हता. मुख्यालय कुठे, यावर हार्नी सिटी आणि बर्न्स यांच्यात जुंपली. मतदान झालं, त्यावर वाद झाला, आणि सांगतात की शेवटी बर्न्सच्या माणसांनी एका रात्री जाऊन सरकारी दप्तरच उचलून आणलं. हार्नी सिटी आज नकाशावर शोधावी लागते. बर्न्स हे नाव स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सचं. गुरांच्या बाजाराचं गाव, नाव कवीचं. आपल्याकडे असं एक गाव दाखवा.

होडीचा प्रश्न पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, पण उलट्या बाजूने. तळ्याचा तळ कुणाचा, राज्याचा की केंद्राचा? अमेरिकन कायद्यात याची एक परीक्षा आहे. राज्य स्थापन झालं त्या वेळी त्या पाण्यावर व्यापारी वाहतूक होऊ शकत असेल तर तळ राज्याचा, नाहीतर केंद्राचा. ऑरेगन राज्य झालं १८५९ मध्ये. म्हणजे १८५९ साली मॅल्ह्यूर तलावात होड्या चालल्या असत्या का? न्यायालयाने १९३५ मध्ये सांगितलं, नाही. तळ केंद्राचा ठरला.

टोप्यांवरचे तुरे

केंद्राला या तळात रस का, याचं कारण बगळे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी न्यूयॉर्क-पॅरिसमधल्या बायकांच्या टोप्यांवर बगळ्याचे तुरे लागत. हे पांढरे तुरे विणीच्या हंगामातच फुटतात, म्हणून शिकारी घरट्यावर बसलेले पक्षी मारत आणि पिल्लं उपाशी मरत. तुऱ्यांचा भाव वजनाला सोन्यापेक्षा चढा होता. १८९८ च्या सुमारास मॅल्ह्यूरच्या बगळ्यांच्या वसाहती जवळजवळ पुसल्या गेल्या. १९०८ मध्ये विल्यम फिनली आणि हर्मन बोलमन हे दोन छायाचित्रकार इथे आठवडेच्या आठवडे हिंडले. पक्षी हजारोंनी होते, पण त्यांना हवा असलेला बगळा मिळेना. त्याच वर्षी १८ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी तळ्याभोवतीचा प्रदेश पक्ष्यांसाठी राखून ठेवला. १९३५ मध्ये फ्रेंचच्या जुन्या साम्राज्याचा गाभा, ब्लिट्झनचं खोरं, सरकारने विकत घेऊन त्याला जोडलं. आज हे अभयारण्य सुमारे १,८७,००० एकरांचं आहे आणि तिथे तीनशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेलेत.

याच दरम्यान शेतकऱ्यांची एक मोठी लाट आली आणि फुटली. १९०९ च्या कायद्याने कोरडवाहू जमीन ३२० एकर मिळू लागली. रेल्वे कंपन्या आणि जमिनीचे दलाल जाहिराती करत होते, आणि नेमकी काही वर्षं पाऊस बरा झाला. स्टीन्सच्या पश्चिमेला कॅटलो खोऱ्यात शेकडो कुटुंबं उतरली, शाळा आणि पोस्ट ऑफिसं निघाली. मग पाऊस आपल्या नेहमीच्या मापावर आला. १९२० च्या दशकाअखेर बहुतेक गेले. त्यांच्या घरांचे लाकडी सांगाडे अजून माळावर उभे आहेत.

आणि म्हणूनच काउंटीतली सुमारे तीन चतुर्थांश जमीन आजही केंद्र सरकारकडे आहे. पायूटांकडून घेतल्यानंतर ती पुन्हा कुणी हिसकावली असं झालं नाही. फुकट देऊनही ती कुणी घेतली नाही, किंवा घेतली आणि सोडून गेले. पाण्याचा पट्टा खासगी, भोवतालचा कोरडा माळ सरकारी, असा हा नकाशा. गुरांचा मालक हिवाळ्यात आपल्या कुरणातलं साठवलेलं गवत घालतो आणि उन्हाळ्यात परवाना काढून सरकारी माळावर चारतो. आपल्या गायरानासारखंच, फक्त मोजणी काटेकोर. एक गाय तिच्या वासरासह एक महिना चरली की एक एकक, आणि त्याची फी अनेक वर्षं १ डॉलर ३५ सेंट होती. फी किरकोळ आहे. पण परवाना गेला तर खासगी पट्टा एकटा धंदा पेलू शकत नाही, म्हणून सरकारी माणसाने एक दरवाजा बंद केला तरी इथे पोटात गोळा येतो.

जानेवारी २०१६ मध्ये हे खदखदणं जगभरच्या बातम्यांत आलं. ड्वाइट आणि स्टीव्हन हॅमंड या बापलेकांना सरकारी माळावर आग लावल्याबद्दल पुन्हा तुरुंगात पाठवायचं ठरलं. त्याच्या निषेधासाठी बाहेरून आलेल्या बंदूकधाऱ्यांनी, अमन बंडी यांच्या नेतृत्वाखाली, अभयारण्याच्या कचेरीचा ताबा घेतला. ४१ दिवस तो चालला. त्यांच्यातला लव्हॉय फिनिकम पोलिसांच्या गोळीने मेला. पुढे बंडी आणि इतर काही जण ज्युरीपुढे सुटले आणि २०१८ मध्ये ट्रम्प यांनी हॅमंडांना माफी दिली.

मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. ‘जमीन लोकांना परत द्या’ अशी घोषणा होती, आणि ज्यांची पूर्वजांची हाडं त्या कचेरीच्या परिसरात आहेत ते बर्न्स पायूट विचारत होते, परत म्हणजे कुणाला? दुसरं, हार्नीच्या बहुसंख्य गुरेवाल्यांनी बंडींना साथ दिली नाही. सरकारवर त्यांचा राग नव्हता असं नाही. पण गेली काही वर्षं ते, पक्षीप्रेमी संस्था, पायूट आणि अभयारण्याचे अधिकारी एकाच टेबलाभोवती बसत होते, आणि २०१३ मध्ये अभयारण्याचा पुढच्या पंधरा वर्षांचा आराखडा त्यांनी एकत्र बसून ठरवला होता. त्यातून एक साधी गोष्ट सगळ्यांना कळली होती: वसंतात गुरेवाले कुरणात पाट सोडून पाणी पसरवतात, आणि उत्तरेकडे निघालेले लाखो हिमहंस, बदकं आणि क्रौंच त्याच पाण्यात उतरून चरतात. साडेसात हजार माणसांच्या मुलखात शेजाऱ्याशी कायमचं वैर परवडतही नाही. तुमची गाडी बर्फात अडकली तर पुढच्या दोन तासांत येणारा माणूस तोच असतो.

अंतरांचा हा हिशेब शाळेतही दिसतो. क्रेन या वस्तीतली हायस्कूल सरकारी आहे आणि तिला वसतिगृह आहे. अमेरिकेत ही फारच दुर्मीळ गोष्ट. दूरच्या गोठ्यांवरची मुलं आठवडाभर तिथे राहतात आणि सुटीला घरी जातात, आपल्या आश्रमशाळांसारखी. हाइन्स हे गाव लाकडाच्या एका गिरणीने वसवलं. शिकागोच्या कंपनीची ती गिरणी १९३० मध्ये सुरू झाली, पन्नासएक वर्षं तिने काउंटीला पगार दिला, आणि १९८० च्या दशकात ती घसरली. तेव्हापासून लोकसंख्या वाढायचं नाव घेत नाही.

टीएमसीचा हिशेब

सध्याचं भांडण जमिनीखाली आहे. नद्यांचं पाणी वाटून संपल्यावर लोक बोअरकडे वळले. गेल्या तीस-चाळीस वर्षांत खोऱ्यात मध्यबिंदूभोवती गोल फिरणारे मोठाले फवारे उभे राहिले. विमानातून पाहिलं तर करड्या माळावर हिरव्या भाकरी टाकल्यासारखं दिसतं. त्यात पीक मुख्यतः एकच, लसूणघास. गुरांना आणि दुभत्या जनावरांना उत्तम, आणि पाण्याला भलतीच हावरी.

अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाने २०२२ मध्ये हिशेब मांडला. खोऱ्याच्या सखल भागात दरवर्षी जमिनीत मुरतं ते पाणी आपल्या मापात साडेसात टीएमसी, आणि बाहेर निघतं ते सव्वाबारा टीएमसी. फरक पावणेपाच टीएमसीचा. पुणेकरांसाठी सांगायचं तर दरवर्षी दोन खडकवासले भरून वर उरेल इतका खड्डा. काही ठिकाणी विहिरींची पातळी शंभर फुटांहून जास्त खाली गेली आहे. राज्याने २०१६ मध्ये नवे परवाने जवळजवळ थांबवले, पण जे परवाने आधीच दिलेत तेच मुरणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त आहेत. आता कुणाचा पंप आधी बंद करायचा, हा प्रश्न आहे. कायदा म्हणतो, जो शेवटी आला तो आधी जाईल. शेवटी आलेले बहुतेक तरुण शेतकरी आहेत, बँकेचं कर्ज काढून फवारे घेतलेले.

लाव्ह्याने खिंडीत बूच मारल्यापासून या खोऱ्यातलं पाणी वाफ होऊनच काय ते बाहेर जायचं. आता ते घासाच्या गासड्यांत बांधलं जातं, ट्रकवर चढतं आणि बर्न्समधून हमरस्त्याला लागतं.